आधी माझं तोंड बघा

वसुधा मॅडमचा फोटो पेपरात आला, तेव्हा मी आधी त्यांचे दात बघितले. ही खोड मला त्यांनीच लावली. कुणी समोर आलं की लोक डोळे बघतात, कपडे बघतात, मी हिरड्या बघते. लग्नात नवरी हसली की माझ्या मनात येतं, हिला डाव्या बाजूनं चावता येत नसणार. नवरा म्हणतो, तुझ्यापुढं जांभई द्यायची चोरी झाली आहे.

तर मॅडम फोटोत तोंडभर हसत होत्या. शाल, नारळ, हातात कसलीशी मानाची ढाल. खाली लिहिलं होतं की खानदेशातल्या ग्रामीण महिलांच्या मौखिक आरोग्यावर संशोधन केल्याबद्दल सत्कार. ‘महिलांचा विश्वास संपादन करून’ असंही होतं. ते वाचलं आणि मी पेपर घडी घालून चहाच्या पातेल्याखाली ठेवला. पातेलं गरम होतं, चांगलंच झालं.

राग आहे मला. लपवून काय करू? पण हेही खरं, की इतकं चांगलं माणूस मी कामाच्या जागी दुसरं पाहिलं नाही. दोन्ही एकदम कसं असतं, ते मला विचारू नका. असतं.

धुळ्याला दातांच्या कॉलेजात मी मदतनीस होते. पेशंटच्या गळ्यात फडकं बांधायचं, दिवा ओढायचा, थुंकदाणी धुवायची. मॅडम नव्यानं आल्या होत्या, मूळच्या वाईकडच्या. खेड्यापाड्यातल्या बायकांच्या तोंडाचा अभ्यास करायचा होता त्यांना. कोण काय खातं, काय लावतं, दुखलं तर कुणाला सांगतं, डॉक्टरपर्यंत का येत नाही. त्यांना अहिराणी बोलणारं माणूस हवं होतं. मी एरंडोल तालुक्यातली. त्यांनी मला दारातच अडवलं आणि म्हणाल्या, “तुझा खालचा चौथा दात किडलाय. तो मी भरून देते, तू माझ्याबरोबर गावांत चल.”

दात भरला. अजून आहे, पक्का. जीभ लागली की मला त्या आठवतात, हेही एक दुखणंच.

पहिल्या गावात आमची फजिती झाली. बायका आल्या, ओट्यावर बसल्या, चहा दिला, सगळं गोड. पण तोंड उघडेना एकही. मॅडम म्हणायच्या, “आ करा.” बायका पदर तोंडावर घेऊन हसायच्या. एक म्हातारी मला म्हणाली, “काबरं दखाडू व? मन्हं तोंड काय जत्रा शे का?” मला वाटलं, आता बाई चिडणार, पुण्याकडचं माणूस. तर मॅडमनी पिशवीतला छोटा आरसा आणि टॉर्च काढला, त्या म्हातारीच्या हातात दिला, तिच्यासमोर खाली मांडी घातली आणि स्वतः मोठ्ठा आ केला.

“आधी माझं तोंड बघा,” त्या म्हणाल्या. “मग वाटलं तर तुमचं दाखवा.”

म्हातारीनं टॉर्च आत घातला. बाकीच्या वाकल्या. मॅडमची मागची एक दाढ काढलेली होती, दुसरीत चांदी भरलेली, पुढचा एक दात दुसऱ्यावर चढलेला. म्हातारी ओरडली, “माय व! हिना बी दात सडेल शे!” आणि जो हशा पिकला! त्यानंतर रांग लागली. तेव्हापासून हीच पद्धत. प्रत्येक गावात, प्रत्येक ओट्यावर, आधी मॅडमचं तोंड. पोरीबाळींनी बघितलं, सासवांनी बघितलं, एकीनं तर बोट घालून दाढ हलते का तेही बघितलं. बायकांनी त्यांचं नाव पाडलं ‘आ-करवाली बाई’. गाडी दिसली की लहान पोरं रस्त्यातच आ करून उभी राहायची.

त्या मला म्हणायच्या, “कल्पना, तोंड म्हणजे घरातलं आतलं घर आहे. माणूस ओट्यावरून परत जातं, चालतं. आत बोलावलं तर ते आपल्या भरवशावर आलं.” मी हे वाक्य मनात ठेवलं होतं. आता वाटतं, कशाला ठेवलं!

त्यांना प्रश्न विचारायची हातोटी होती. कॉलेजातून छापून दिलेला प्रश्न असायचा, ‘आपण दिवसातून किती वेळा दात घासता?’ मॅडम तो विचारायच्याच नाहीत. म्हणायच्या, कुणी खरं सांगणार आहे का? त्या म्हणायच्या, “मावशी, घरातला ब्रश दाखवा बरं.” मग मावशी आत जायची, शोधाशोध व्हायची, सुनेला हाक, पोराला हाक. शेवटी मोरीच्या भिंतीतल्या फटीतून एक ब्रश निघायचा, केस चहूकडे फाकलेला. एका घरात त्याच ब्रशानं सासरे केसांना कलप लावत होते. मॅडम इतक्या हसल्या, इतक्या हसल्या की ठसका लागला. ती घरधनीणही हसायला लागली, पदर तोंडावर घेऊन. मॅडमनी तिचा पदर धरून खाली केला. “हसणं काय चोरीचा माल आहे का गं, झाकून ठेवायला?”

जेवणाचा त्यांना मोह. कळण्याची भाकरी, ठेचा, भरीत, कुणी काही वाढलं की नाही म्हणणं नाही. जेवण झालं की अंगणात उभ्या राहून गडीमाणसासारखी खळखळून चूळ भरायच्या. सगळ्या गल्लीला ऐकू जावी अशी. मला आधी लाज वाटायची. मग बघते तर बायकाही त्यांच्याबरोबर चुळा भरायला लागल्या, पैज लावून. औषधाशिवाय निम्मी कामं अशीच करायच्या त्या.

आणि तपकीर. आमच्याकडे बायका तपकीर दातांना लावतात, ती ओठाआड धरून बसतात. डॉक्टर लोक येतात, घाण सवय म्हणून ओरडतात आणि जातात. मॅडम ओरडल्या नाहीत. ओट्यावर बसून नुसत्या बघत राहिल्या. मग परतीच्या वाटेवर मला म्हणाल्या, “तू बघितलंस का? तपकीर तोंडात असली की बाईला बोलता येत नाही. म्हणून तिला कुणी हाक मारत नाही. सासू पण थांबते. कापूस वेचून आल्यावर तेवढंच तिचं बसणं. आपण तपकीर सोड म्हणतो, म्हणजे तिचं बसणं सोड म्हणतो.”

मी त्याच गावांत वाढले. माझ्या डोळ्यांसमोर आयुष्यभर बायका तशा बसल्या होत्या, आणि मला हे कधी सुचलं नव्हतं. त्या दिवशी मी मॅडमवर जीव टाकला. उगाच नाही टाकला.

आता ते ऐका, ज्यावरून पुढं सगळं झालं.

आम्ही जळगावला गेलो होतो. सराफ बाजारात ही गर्दी, रिक्षा, मोटारसायकली, लग्नसराई. मॅडम एकाएकी थांबल्या आणि समोरून येणाऱ्या एका बाईला म्हणाल्या, “तुमची अक्कलदाढ दुखायची थांबली का?” ती बाई गोंधळली. डोक्यावर पदर, चेहरा अर्धा झाकलेला. मग आ-करवाली बाई म्हणून ओरडलीच. बोदवडजवळच्या खेड्यातली निघाली. वर्ष उलटलं असेल तिला तपासून. मी मॅडमला म्हटलं, कसं ओळखलंत? तर हसून म्हणाल्या, “मी चेहरा विसरते, दात नाही विसरत. ती नवऱ्याशी बोलताना दिसले. तोंड म्हणजे चेहराच असतो गं, आतला.”

मी हे सगळ्यांना कौतुकानं सांगत फिरले. घरी, कॉलेजात, माहेरी. अक्काला पण सांगितलं.

अक्का म्हणजे माझी थोरली काकू. सगळा गाव तिला अक्काच म्हणतो. गळा असा की कानबाईच्या सणाला तिच्याशिवाय गाण्याला तोंड फुटत नाही. श्रावणात कानबाई, आमची देवी, बसते आमच्याकडे, घरोघर तिच्या नैवेद्याचे रोट होतात, बायका गातात. पहिली ओळ अक्काची, मग बाकीच्यांची. आणि गाताना तिचा पुढचा दात चमकतो. तरुणपणी जत्रेत तिनं दातात सोन्याची बारीक मेख बसवून घेतली होती. पूर्वी हौशी बायका घ्यायच्या. ती म्हणायची, मरताना तोंडात सोनं ठेवायचं कुणाच्या ध्यानात राहो न राहो, आपलं आपण ठेवलेलं बरं. पंचक्रोशीत तशी मेख आता एकटीच्याच दातात आहे.

त्या वर्षी मी मॅडमना कानबाईला माझ्या माहेरी नेलं. मॅडम पुढं बसून ऐकत होत्या, टाळ्या देत होत्या, मधेच गाण्यात ‘व माय’ म्हणत होत्या, चुकीच्या जागी. बायका हसून बेजार. आणि अक्कानं एक लांब सूर लावला, तोंड पूर्ण उघडलं, तशा मॅडमच्या टाळ्या थांबल्या. गाणं संपल्यावर त्यांनी मला बाजूला घेतलं. “तुझ्या अक्काच्या गालात आतून पांढरा चट्टा आहे. मला नीट बघू दे.”

दुसऱ्या दिवशी सकाळी ओट्यावर उजेडात बसवलं. आधी मॅडमचं तोंड, रिवाजाप्रमाणे. अक्कानं पाहिलं, म्हणाली, “चांगलं शे, पण दाढ नही एक.” मग स्वतःचं उघडलं. चट्टा होता, तपकीर ठेवते तिथंच. मॅडम हळू बोलल्या. घाबरायचं नाही, पण धुळ्याला येऊन त्यातला कणभर तुकडा काढून तपासायचा, आणि दर काही महिन्यांनी दाखवायचं. बिघडायच्या आत धरलं तर सगळं ठीक. अक्का कबूल झाली. माझ्यासाठी झाली. तिनं मला विचारलं, “तू बरोबर राहशी ना?” मी म्हटलं, राहीन.

मग मॅडमनी फोटो काढला. ओठ दोन बाजूंनी ओढून, चट्टा स्वच्छ दिसेल असा. अक्कानं विचारलं, हा फोटो कशाला? मॅडम मला म्हणाल्या, “सांग त्यांना, हा माझ्या अभ्यासापुरता. कॉलेजच्या बाहेर जाणार नाही. माझा शब्द आहे.” मी अक्काला अहिराणीत सांगितलं, वर म्हटलं, “बाईना शब्द नक्की शे.” तिनं मान हलवली. तिला मॅडमची भाषा नीट कळत नव्हती, तिला माझी कळत होती. म्हणून तो शब्द मॅडमचा असला तरी तिच्या कानात माझ्या तोंडून गेला.

धुळ्याला यायचा दिवस ठरला होता. त्याच्या आधीच अक्का बांगड्या भरायला एरंडोलला गेली, शेजारच्या कमलबाईला घेऊन. एसटी स्टँडवर उतरली आणि समोरच्या भिंतीवर तिचं तोंड होतं.

भिंतभर. ओठ ओढलेले, गालातला चट्टा पोळीएवढा, आणि मधोमध चमकणारी मेख. वरती मोठ्या अक्षरात लिहिलेलं, ‘हे तोंड तुमचं होऊ देऊ नका.’ अक्काला वाचता येत नाही. कमलबाईला येतं. कमलबाईनं आधी वाचून टाकलं आणि मग तिच्या ध्यानात आलं.

अक्का बांगड्या न भरताच परत आली. मला वहिनीचा फोन आला, म्हणाली, अक्का सगळ्यांसमोर जेवत नाही, आत बसून जेवते. मी एरंडोलला गेले, स्टँडवर उभी राहिले. कॉलेजातली दोन पोरं पोस्टरपुढं तोंड वेंगाडून एकमेकांचे फोटो काढत होती. ते पोस्टर एकच नव्हतं, पारोळ्याला होतं, धरणगावला होतं. कॉलेजनं तंबाखूविरोधात मोहीम काढली होती आणि चित्र मॅडमनी दिलं होतं.

मी सरळ धुळ्याला त्यांच्या खोलीत गेले. त्या केळ्याचे वेफर खात होत्या, पुडा माझ्यापुढं केला. मी म्हटलं, “अक्काचा फोटो स्टँडवर कसा लागला?”

“अगं, बघितलास का? छान आलाय ना?” त्या म्हणाल्या. मग माझ्याकडं बघून पुडा खाली ठेवला. “कल्पना, चेहरा कुठं दाखवलाय? डोळे नाहीत, नाव नाही, गाव नाही. ओठ ते ओठ. नियमात बसतं ते. कुणाला कळणार आहे?”

“मेख आहे त्यात.”

त्यांनी पुडा दुमडायला घेतला.

“मॅडम, चेहरा विसरते पण दात विसरत नाही, कोण म्हणतं? जळगावच्या गर्दीत पदराआडच्या बाईला कुणी ओळखलं? तुम्हाला दातावरनं माणूस कळतं, मग आमच्या गावाला अक्का कळणार नाही होय? सोन्याची मेख आहे ती, कानबाईला सगळे तिच्याकडंच बघत असतात!”

मला वाटलं, म्हणतील, माझ्या लक्षात नाही आलं. चुकले. तसं म्हणाल्या असत्या ना, मी रडले असते, भांडले असते आणि पुन्हा त्यांच्याच गाडीत बसले असते. माणूस चुकतं. पण मॅडम खोटं बोलत नाहीत, ही त्यांची दुसरी खोड. त्या म्हणाल्या, “पोस्टर करणाऱ्यानं विचारलं होतं मला, मेख पुसू का म्हणून. एका मिनिटाचं काम होतं. मी नको म्हटलं.”

“का?”

“मेखेशिवाय ते कुठल्याही पुस्तकातलं तोंड वाटत होतं. मेखेनं ती इथली बाई वाटते. आपली. बायका थांबून बघतात. तुला माहितीये, पोस्टर लागल्यापासून तपासणीला किती बायका आपण होऊन आल्यात? एकीचं तर अगदी वेळेवर सापडलं. तिचा जीव वाचला, कल्पना.”

हे खरंच होतं. ती बाई मी स्वतः पाहिली होती, पोस्टर बघून आली हे न कळता तिच्या गळ्यात फडकं मीच बांधलं होतं. हेच तर मला सोसत नाही. त्यांनी एका बाईचा जीव वाचवला आणि त्यासाठी माझ्या अक्काचं तोंड विकलं, मला न विचारता, माझ्याच जिभेवरून. अक्काला विचारलं असतं तर ती हो म्हणालीही असती कदाचित, फार मोठ्या मनाची आहे. पण विचारलं नाही. विचारलं तर नाही म्हणेल, ही भीती. मग शब्द कशाला दिलात हो?

“शब्द दिला होता तुम्ही,” मी म्हटलं.

“दिला होता,” मॅडम म्हणाल्या. “पण त्या वेळी मला माहीत नव्हतं, फोटो इतका चांगला येईल.”

मी पिशवीतलं कामाचं फडकं टेबलावर ठेवलं आणि निघून आले. पुढं मी शहरातल्या एका खासगी दवाखान्यात लागले.

पोस्टर उतरवलं त्यांनी, खोटं का बोलू. पण गावानं बघायचं ते बघितलं होतं. एका हळदीला अक्का गेली, तर तिला आलेली बघून कुणीशी भवानी हसत म्हणाली, “पोष्टरवाली उनी!” चेष्टेत म्हणाली असेल. अक्का हळद न लावताच परत फिरली. पुढच्या श्रावणात कानबाई बसली तेव्हा अक्कानं रोट केले, दिवा लावला, पूजा केली, सगळं केलं. गायली नाही. बायका पहिल्या ओळीसाठी तिच्याकडं बघत राहिल्या. तिनं ओठांवर पदर घेतला आणि हातानं खूण केली, तुम्ही म्हणा. दुसऱ्या कुणीतरी सुरू केलं, फार खाली सूर लागला. सकाळी कानबाई विसर्जनाला निघाली तेव्हाही अक्का मुक्यानं चालत होती.

आणि धुळ्याला यायला तयार नाही. तुकडा काढू द्यायला नाही, नुसतं दाखवायलाही नाही. मी समजावलं, वहिनीनं समजावलं, काका रागावले. तिचं एकच, “बठ्ठास्नी देखेल शे ना? मंग आते काय दखाडाणं ऱ्हायनं?” सगळ्यांनी पाहिलं आहे, आता दाखवायचं काय उरलं?

शेवटी मीच मॅडमना फोन केला. रागाला काय चाटायचंय, चट्टा वाढत असेल तर! म्हटलं, तुम्ही घातलंय, तुम्हीच निस्तरा.

आल्या. स्वतः गाडी चालवत आल्या. पुष्कळ वाळल्या होत्या. ओट्यावर अक्का गवारीच्या शेंगा मोडत बसली होती. मॅडमनी तिच्यासमोर खाली मांडी घातली आणि माफी मागितली. अहिराणीत मागितली, तोडकीमोडकी, वाटेत पाठ केलेली असणार. अक्का शेंगा मोडत राहिली. तिच्या तोंडावर राग नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, रागावलेलं माणूस तोंड तरी उघडतं.

मग मॅडमनी पिशवीतून तो आरसा काढला, टॉर्च काढला, अक्काच्या हातात दिला. डोळ्यांत पाणी होतं त्यांच्या. म्हणाल्या, “अक्का, आधी माझं तोंड बघा.” आणि आ केला.

अक्कानं सूप खाली ठेवलं. हात पदराला पुसले. टॉर्च लावला आणि सावकाश, आत वाकून, सगळं तोंड पाहिलं, वर, खाली, दाढांमागं, जिभेखाली. माझ्या मनात आलं, उघडणार, आता उघडणार. मॅडमचा जबडा थरथरायला लागला तरी त्यांनी तोंड मिटलं नाही. गल्लीतली दोन पोरं येऊन उभी राहिली होती. अक्कानं टॉर्च विझवला, त्यांच्या हातात परत दिला आणि म्हणाली, “तुन्हं तोंड बरं शे व माय. मिटी ले आते.”

मॅडमनी तोंड मिटलं.

त्या चहाला थांबल्या नाहीत. गाडीकडं जाताना पोरांनी सवयीनं त्यांच्यापुढं मोठ्ठा आ केला. पूर्वी त्या वाकून प्रत्येकाचे दात बघायच्या, गाल ओढायच्या. त्या दिवशी त्यांनी पोरांच्या डोक्यावरून नुसता हात फिरवला आणि ओठ घट्ट दाबून गाडीत बसल्या. मी त्यांना शेवटचं पाहिलं ते असं. आता पेपरात दिसल्या, ते हसू मला ओळखीचं वाटलं नाही.

गाडी वळून गेली तशी मी अक्काशेजारी बसले. टॉर्च माझ्याकडंही असतो. म्हटलं, “अक्का, त्यांचं जाऊ दे. मला तरी बघू दे गं. मी तुझी आहे ना?”

अक्कानं सूप मांडीवर ओढलं. एक शेंग मोडली, दुसरी मोडली. मग पदर ओठांवर घेऊन, पदराआडूनच म्हणाली, “बाईना शब्द नक्की शे म्हणीसन तूच सांगेल व्हतं.”